हिरव्या चिठ्ठीच्या बाटल्या

किडा स्वच्छ पाहिजे, असं म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. लोक पाणी स्वच्छ पाहिजे म्हणतात, भांडी स्वच्छ पाहिजेत म्हणतात. पण नाकतोडा दोन बोटांत धरायचा, उजेडाकडे न्यायचा, त्याचं पोट खालून निरखायचं आणि मान हलवून त्याला पुन्हा गवतात सोडून द्यायचं, हे आमच्या मामांनीच करावं. मामा म्हणजे माझे नात्यातले कुणी नव्हेत. सरकारी कचेरीत शिपायाला, परिचराला सगळेच मामा म्हणतात, तसे ते मामा. नेवाशाहून शेवगावकडे जाताना रस्त्यापासून आत एक लहानसं कापूस संशोधन केंद्र होतं. नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी तिथे किडींच्या प्रयोगशाळेत हंगामी नोकरीला होते आणि मामा तिथले परिचर होते.

मामांनी तीन सरडे पाळले होते. हो, सरडेच. कुंपणावर बसून मान वरखाली करतात ते. लोक कुत्री पाळतात, पोपट पाळतात, अगदीच हौस असेल तर ससे पाळतात. मामांच्या घरी गेलं की समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली जाळीचं एक जुनं, पेटीएवढं कपाट, त्यात बाभळीच्या फांद्या, आणि फांद्यांवर हे तिघे. त्यांना नावं नव्हती. एक मोठा नर, एक शेपूट तुटलेला आणि एक म्हातारी. म्हातारी हे मात्र मामा असं म्हणत की जणू घरातलीच कुणी थकलेली बाई आहे.

गावात त्यांना सरडेमामा म्हणत, तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही नव्हतं. घरात उदबत्ती लावायची नाही, डासांची कासवछाप कॉइल लावायची नाही, ढेकणाची पावडर तर नाहीच नाही. मामी माझ्याकडे तक्रार करायच्या की डास फोडून खातात, पण ह्या माणसाला बायकोपेक्षा सरडं जड. बोलताना हसायच्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं. एकदा मलेरियाचे फवारणीवाले आले तेव्हा मामा कपाट मांडीवर घेऊन दारातच बसले. उठेचनात. शेवटी फवारणीवाल्यांनी दारावर खडूने काहीतरी लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. मामींनी दोन दिवस अबोला धरला.

हे सरडे त्यांच्याकडे कसे आले, ते मला फार उशिरा कळलं. मामा प्रयोगशाळेत येण्याआधी पंधरा-सोळा वर्षं केंद्राच्या शेतावर औषध मारायच्या कामावर होते. पाठीवर पंप, तोंडाला फडकं, कधी तेही नाही. कपाशीवर औषध मारून झालं की बांधावरच्या झुडपांतून सरडे खाली पडायचे, तोंड उघडं टाकून. मामा ते खिशात घालून घरी आणायचे, पाण्यानं धुवायचे, सावलीत ठेवायचे. बहुतेक मरायचेच. किती आणले आणि किती मेले, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मग एक दिवस ते स्वतःच त्या बांधावर पडले, नगरच्या दवाखान्यात आठवडाभर होते, आणि परत आल्यावर केंद्राच्या साहेबांनी त्यांना आत प्रयोगशाळेत घेतलं. तेव्हापासून डावा हात थोडा थरथरायचा. चहाची बशी म्हणून ते उजव्याच हाताने धरत.

आता आमच्या प्रयोगशाळेचं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आम्ही तिथे बोंडअळ्या वाढवायचो आणि मारायचो. हरभऱ्याचं पीठ, यीस्ट वगैरे शिजवून त्याच्या वड्या पाडायच्या, एकेका बाटलीत एकेक अळी वडीसकट ठेवायची. वेगवेगळ्या ठेवायच्या, कारण एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात. मोठ्या झाल्या की त्यांचे दोन गट करायचे. एका गटाच्या वडीत औषध मिसळायचं, त्या बाटल्यांवर लाल चिठ्ठी. दुसऱ्या गटाला काहीच नाही, नुसती साधी वडी, त्यांच्यावर हिरवी चिठ्ठी. औषधाने किती मेल्या ते ह्या साध्या अळ्यांशी ताडून बघायचं. साध्याच जास्त मेल्या तर सगळा प्रयोग रद्द.

प्रयोग संपला की लाल चिठ्ठीच्या बाटल्या उकळत्या पाण्यात. हिरव्याही खरं तर टाकायच्याच असत, पण त्या मामा घरी न्यायचे. ही रीत मी येण्याआधीपासून चालत आलेली. साहेबांनाही ठाऊक होती. मामा म्हणायचे की सगळ्या तालुक्यात औषधाचा वास न लागलेला किडा आता एवढाच राहिला आहे, आणि तो आपण मारण्यासाठी वाढवतो. हे ते टोमणा म्हणून म्हणत नसत. मला मात्र ते ऐकून कसंतरीच व्हायचं.

सरड्याला काय खायला घालावं, यावर मामांशी बोलायला बसलं की तास जायचा. एरवी दिवसभरात दहा वाक्यं बोलणार नाही हा माणूस. नाकतोडा म्हणजे भाकरी, ती रोज चालते. मुंग्या म्हणजे तोंडी लावायला. अळी म्हणजे पेढा. आवडतो म्हणून रोज द्यायचा नाही, आठवड्याला दोन, बास. अळीवरच ठेवला तर सरडा फुगतो आणि पाय लटके पडतात. घास किती मोठा, तर सरड्याच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर तेवढाच, त्याहून मोठा नाही. केसाळ सुरवंट नको, काजवा तर अजिबात नको. किड्याला आधी शेवग्याचा पाला खायला घालायचा, कारण किड्याच्या पोटात जे असेल तेच सरड्याच्या हाडाला लागतं. मग त्या किड्यावर अंड्याच्या टरफलाची पूड भुरभुरायची आणि सकाळच्या उन्हात खायला द्यायचं. मामी म्हणायच्या की माझ्या बाळंतपणात माझं एवढं केलं नव्हतं.

कुणीतरी त्यांना एकदा डिवचलं होतं की पंचशील घेता आणि जिवंत किडे चारता, हे कसं काय? मामांनी बराच वेळ विचार केला, असं मामी सांगायच्या. मग म्हणाले, सरड्यानं खाल्लं तर ते त्याचं जेवन हाय, आपुन मारतो त्याला काय म्हनायचं ते मला अजून कळलेलं न्हाई.

एका रविवारी मी त्यांच्याकडे जाताना वाटेत कपाशीच्या बांधावरून डबाभर नाकतोडे धरून नेले. मोठ्या तोऱ्यात नेले. मला वाटलं, शाबासकी मिळेल. मामांनी डबा उघडला नाही, आधी विचारलं की धरायला किती वेळ लागला. मी म्हटलं, पाच मिनिटं. त्यांनी डबा घेतला, परसात खड्डा केला आणि सगळे पुरून टाकले, वर दगड ठेवला, कोंबडीनं उकरू नये म्हणून. पळत नाही तो किडा औषध खाल्लेला असतो, असं त्यांचं म्हणणं. सहज घावला तो द्यायचा न्हाई. जो उड्या मारून जीव नकोसा करतो तो धरायचा, आणि तोही दोन दिवस डब्यात पाल्यावर ठेवायचा. दोन दिवसांनी धडधाकट राहिला तरच सरड्यापुढे. फक्त केंद्रातल्या हिरव्या चिठ्ठीच्या अळीला ही दोन दिवसांची अट नव्हती. ती थेट.

हे सगळं मला माहीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

माझं घर देवळाली प्रवऱ्याला. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. पट्टा पडला की, म्हणजे गाळप बंद झालं की, घरी बसायचे. आमच्या घरात एम.एस्सी. झालेली मीच पहिली, आणि माझीही नोकरी हंगामीच. अकरा महिन्यांचा हुकूम यायचा, संपला की पुन्हा नवा. साहेबांनी शिफारस केली तर. वडील दर पत्रात एकच विचारायचे की पर्मनंट कधी करणार. साहेबांनी सांगितलं होतं की त्या वर्षी चाचणीला आलेल्या औषधाचा अहवाल वेळेवर आणि नीट गेला तर पुढच्या बैठकीत तुमचं नाव कायम करण्यासाठी घालतो. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांच्यावरही कुणीतरी वरचा होताच.

मे महिना होता. मामांना साहेबांनी बियाणं आणायला अकोल्याकडे पाठवलं होतं आणि प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे होती. चुलतबहिणीचं लग्न म्हणून मी देवळालीला गेले, एका दिवसाची म्हणून गेले आणि दोन दिवस राहिले. हळदीत, मेंदीत रमले, दुसरं काय. इकडे वीज गेलेली, कूलर बंद. हिरव्या चिठ्ठीची मांडणी पश्चिमेच्या खिडकीशी होती. परत येऊन दार उघडलं तर त्या बाटल्यांमधल्या निम्म्याहून जास्त अळ्या काळ्या पडून मेल्या होत्या. लाल चिठ्ठीची मांडणी आतल्या गार खोलीत होती, तिथल्या मात्र कितीतरी जिवंत. त्या वर्षी बोंडअळी औषधाला दादच देत नव्हती. औषध घातलेली वडी खाऊन, लठ्ठ होऊन बसली होती.

मी खाली बसले आणि रडले. मग उठले, दाराला आतून कडी लावली आणि ओल्या फडक्याने चिठ्ठ्या भिजवायला घेतल्या. जितक्या साध्या मेल्या होत्या तितक्या, लाल चिठ्ठीतल्या जिवंत अळ्यांच्या बाटल्यांवर हिरवी लावली. मेलेल्या साध्या अळ्यांच्या बाटल्यांवर लाल लावली. तासाभरात काम झालं. साध्या सगळ्या जिवंत, औषधाच्या बहुतेक मेलेल्या. असा सुरेख निकाल आमच्या केंद्रात कधी लागला नव्हता. साहेबांनी आकडे बघितले आणि स्वतः उठून माझ्यासाठी चहा सांगितला.

शनिवारी मामा परत आले. हिरव्या बाटल्या त्यांनी पिशवीत भरल्या आणि नेहमीसारखं विचारलं, ताई, नेऊ का? ते प्रत्येक वेळी विचारायचे. चिठ्ठी दिसत असली तरी विचारायचे. साहेब शेजारच्या टेबलावर होते, अहवालाची टंकलेली प्रत वाचत होते. मी मामांकडे बघितलं नाही.

“न्या,” मी म्हणाले.

त्या घटकेला माझ्या मनात काय होतं, ते मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. मी विसरले नव्हते. एकेका अळीच्या पोटात काय भरलंय ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मनात एवढंच होतं, की नको म्हटलं तर ते का विचारतील आणि साहेब मान वर करतील. आणि मनाची समजूतही घालत होते, की मरत नाहीत त्यानं, सरडे चिवट असतात, इतकी वर्षं जगलेत. माणूस स्वतःला काय काय सांगू शकतो, ते मी त्या दिवशी शिकले. रविवारी मी त्यांच्या घराकडे फिरकले नाही. डोकं दुखतंय म्हणून खोलीत पडून राहिले.

सोमवारी मामा वेळेवर आले. पीठ शिजवलं, वड्या पाडल्या. दुपारी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. ह्या माणसाने रजा मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. संध्याकाळी न राहवून मी गेले. मामी दारातच म्हणाल्या की मोठा नर आणि तुटक्या शेपटीचा कालच गेले. शनिवारी ठरल्याप्रमाणे दोन-दोन अळ्या दिल्या होत्या. म्हातारीनं एकच खाल्ली होती, म्हणून ती अजून होती.

मामा ओट्यावर बसले होते. म्हातारी त्यांच्या डाव्या तळहातावर, तोंड उघडं, पाय पसरलेले. ते उजव्या हाताने कापसाच्या बोळ्यानं तिच्या तोंडाशी पाणी लावत होते. डावा हात थरथरत होता आणि त्याबरोबर तीही. शेजारी खिडकीत एक बाटली ठेवलेली. तिची हिरवी चिठ्ठी अर्धी सोलून काढलेली, आणि खाली काचेवर गोंदाला चिकटून राहिलेला लाल कागदाचा तुकडा. मी घाईत नीट भिजवली नव्हती. मामांनी मला बसायला सांगितलं, मामींना चहा टाकायला सांगितला. बाटलीबद्दल एक अक्षर नाही. मी चहा प्यायले. खरंच सांगते, त्या घरात बसून तो चहा मी पूर्ण प्यायले.

म्हातारी मंगळवारी गेली.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. मामा साहेबांच्या खोलीत पाण्याचा तांब्या घेऊन गेले की मी बाहेर काम थांबवून कान लावायची. ती बाटली साहेबांच्या टेबलावर ठेवली असती तर माझी नोकरी त्याच दिवशी गेली असती, आणि जायलाच हवी होती. मामांनी ठेवली नाही. अहवाल बैठकीत वाचला गेला. औषध चांगलं असल्याची शिफारस पत्रकात छापून आली आणि ती पत्रकं आमच्याच केंद्रातून गावोगाव वाटली गेली. माझा कायम झाल्याचा हुकूम आला. वडिलांनी देवळालीत पेढे वाटले.

मामा कामात तसेच राहिले. फक्त बाटल्या नेणं बंद झालं. पुढच्या प्रयोगापासून हिरव्या चिठ्ठीच्या अळ्याही लालबरोबर उकळत्या पाण्यात जाऊ लागल्या, आणि ते मामाच टाकायचे. साहेबांनी एकदा विचारलं की काय मामा, सरडे उपाशी ठेवता की काय? मामा म्हणाले, न्हाई सायेब, आता ठेवलं न्हाईत. बांधावर पडलेला सरडा दिसला तर ते तो उचलून सावलीला ठेवायचे, पण घरी न्यायचे नाहीत. मामींनी घरात उदबत्ती लावायला सुरुवात केली होती. मी त्यांच्याकडे जाणं हळूहळू सोडलं. वर्षभराने माझी बदली झाली आणि मी ती मुद्दाम मागून घेतली होती, हे आज पहिल्यांदा कबूल करते.

बदलीच्या आधी आमचं त्यावर एकदाच बोलणं झालं. प्रयोगशाळेच्या मागे बाटल्या धुवायची मोरी होती, तिथे ते उकिडवे बसले होते. आसपास कुणी नव्हतं. काय बोलायचं ते मी पाठ करून गेले होते. वडिलांची नोकरी, माझा हुकूम, ती वीज, ते लग्न, सगळं सांगणार होते. सुरुवात केली आणि मला रडू फुटलं. मामांनी वर बघितलं नाही. बाटलीत ब्रश फिरवत राहिले. मी म्हटलं, तुम्ही साहेबांना का सांगितलं नाही? तेव्हा त्यांचा ब्रश थांबला.

“ताई, तुमची भाकर काढून घेऊन मी काय करनार हुतो? चिठ्ठ्या बदलल्या, बदलल्या. ते तुमचं तुमी बघून घ्या. पर मी इचारलं हुतं ना, नेऊ का म्हनून. तुमी नुसतं ‘आज नका’ म्हनला असता, तर मी का म्हनूनसुदिक इचारलं नसतं.”

मी तशीच उभी राहिले. नळ माझ्या मागे होता, म्हणून त्यांनी मला जरा बाजूला व्हायला सांगितलं, आणि मी झाले.